परदेशात राहणाऱ्या अणुबॉम्बग्रस्तांची शुश्रूषा: नर्सने काय शिकायचं आणि ते कसं करायचं

मार्च २०२५ अखेर जपान सरकारची ‘हिबाकुशा आरोग्य पुस्तिका’ (उपचार आणि भत्त्यांचा हक्क देणारं ओळखपत्र) असलेले ९९,१३० लोक हयात होते आणि त्यांचं सरासरी वय ८६.१३ वर्षं होतं. हिबाकुशा म्हणजे हिरोशिमा किंवा नागासाकीचा अणुबॉम्ब सोसून वाचलेला माणूस. वजाबाकी केली की कळतं, आज आपल्यासमोर खाटेवर असलेला रुग्ण ऑगस्ट १९४५ मध्ये सरासरी सहा-सात वर्षांचा होता. काही जण तर आईच्या पोटात होते. नर्सला पुढे जे काही करायचं आहे ते या एका आकड्यावर ठरतं. लहानपणी किरणोत्सर्ग झालेल्या शरीराला थायरॉइड, स्तन आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका मोठेपणी किरणोत्सर्ग झालेल्यांपेक्षा जास्त असतो. शिवाय ‘तेव्हा मी कुठे होतो’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा रुग्णाच्या स्वतःच्या आठवणीतून येत नाही, आईने सांगितलेलं असतं.

परदेशातले, म्हणजे जपानबाहेरचे, हिबाकुशा मुख्यतः तीन ठिकाणी आहेत. सगळ्यात जास्त दक्षिण कोरियात. कोरिया जपानची वसाहत असताना मजुरीसाठी गेलेली किंवा सक्तीने नेलेली कोरियन कुटुंबं दोन्ही शहरांत होती. कोरियन बळींच्या संघटनेच्या अंदाजाने सुमारे ७०,००० कोरियन माणसं बॉम्बच्या तडाख्यात सापडली. त्यांतली बरीच हापचॉन या तालुक्याची, म्हणून त्याला ‘कोरियाचं हिरोशिमा’ म्हणतात. तिथे १९९६ पासून कोरियन रेड क्रॉस अणुबॉम्बग्रस्तांसाठी निवासी केंद्र चालवतं. अमेरिकेत लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल आणि होनोलुलू या भागांत जे आहेत, त्यांतले काही जन्माने अमेरिकन: शिक्षणासाठी जपानला आजोळी पाठवलेली आणि युद्धामुळे तिकडेच अडकलेली मुलं. ब्राझीलमध्ये, मुख्यतः साओ पाउलोत, युद्धानंतर स्थलांतरित झालेले जपानी आहेत. ताकाशी मोरिता यांनी १९८४ मध्ये त्यांची संघटना उभी केली. एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सच्या परवान्याची परीक्षा) देऊन कॅलिफोर्निया किंवा हवाईच्या एखाद्या वृद्धाश्रमात, डायलिसिस सेंटरमध्ये लागलेल्या मराठी नर्सच्या ड्यूटीवर असा रुग्ण येऊ शकतो, आणि तो स्वतःहून काही सांगेलच असं नाही.

प्रशिक्षण कुठे मिळतं

हिरोशिमात ‘हायकेअर’ ही संस्था १९९१ मध्ये आणि नागासाकीत ‘नाशिम’ १९९२ मध्ये स्थापन झाली. परदेशातल्या डॉक्टर-नर्सना किरणोत्सर्गग्रस्तांच्या उपचारांचं शिक्षण देणं हे दोघींचं काम. दोन्ही शहरांत रेड क्रॉसचं अणुबॉम्बग्रस्तांचं रुग्णालय आहे, हिरोशिमात विद्यापीठाची किरणोत्सर्ग वैद्यक संशोधन संस्था आहे, बॉम्बच्या आरोग्यावरच्या परिणामांचा अभ्यास करणारं रेडिएशन इफेक्ट्स रिसर्च फाउंडेशन आहे आणि दोन्हीकडे हिबाकुशांसाठी खास वृद्धाश्रम आहेत. तिथे जायची संधी मिळाली तर व्याख्यानांइतकाच, किंबहुना जास्त, वेळ वृद्धाश्रमात काढावा. डोस-रिस्पॉन्सचे (मात्रा आणि परिणाम यांच्या नात्याचे) आलेख पुस्तकातही मिळतात. पाठीवर केलॉइड (फुगून जाड झालेला जुना व्रण) असलेल्या आजींना आंघोळ कशी घालायची हे तिथेच बघायला मिळतं.

जाणं जमणार नसेल तरी पुढचं सगळं आपल्या वॉर्डात बसून शिकता येतं.

आधी स्टाफची भीती काढा

नवीन स्टाफचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपल्याला काही होणार नाही ना? नाही. बॉम्बचा मुख्य किरणोत्सर्ग स्फोटाच्या क्षणी आणि त्यानंतरच्या मिनिटभरात येऊन गेला. तो शरीरातून आरपार जातो, शरीरात साठून राहत नाही. हिबाकुशाचं रक्त, लघवी, कपडे, चादरी यांतून कुणालाही किरणोत्सर्ग होत नाही. वेगळी खोली, डोसिमीटर, लेड एप्रन यांतलं काहीही लागत नाही. नेहमीची हातमोज्यांची आणि हात धुण्याची शिस्त पुरते. हे हँडओव्हरच्या वेळी मोठ्याने आणि एकदाच सांगून टाकावं, कारण कुणी एकजण जरी खाटेपासून दोन हात लांब उभा राहिला तरी रुग्णाच्या ते लगेच लक्षात येतं. अशा वागणुकीची त्यांना सत्तर-ऐंशी वर्षांची सवय आहे. लग्नं मोडली, नोकऱ्या गेल्या, अमेरिकेत विमा नाकारला जाईल म्हणून अनेकांनी तोंडच उघडलं नाही. म्हणून खाटेच्या पाटीवर किंवा वॉर्डातल्या फळ्यावर ‘हिबाकुशा’ लिहायचं नाही. ती नोंद केसपेपरच्या आत राहू द्या.

स्फोटाचा इतिहास: एकदाच घ्या, पण नीट घ्या

या सगळ्या शिक्षणाचा गाभा हाच. डॉक्टर बदलतात, हॉस्पिटलं बदलतात, प्रत्येक नवा माणूस तेच विचारतो आणि रुग्ण दरवेळी थोडं कमी सांगतो. एका नर्सने तासभर काढून सगळं लिहून घेतलं, तर ते पान पुढे सगळ्यांना पुरतं.

वेळ सकाळची निवडा. रुग्णाने खाल्लेलं असावं, चष्मा आणि कानातलं यंत्र लावलेलं असावं. दुभाषा लागणार असेल तर बाहेरचा घ्या. मुलगा-सून किंवा नातवंडांना दुभाषा करू नका. घरात कधीच न सांगितलेल्या गोष्टी असतात, आणि मुलांसमोर रुग्ण त्या गाळतो किंवा मुलगाच भाषांतरात गाळतो. सुरुवातीला सांगा की हे उपचारासाठी विचारतोय, नको वाटेल तिथे थांबू. एका बैठकीत पाऊण तासाच्या पुढे जाऊ नका. राहिलेलं दुसऱ्या दिवशी.

विचारायचं ते असं:

१. कोणतं शहर, आणि त्यात नेमकी जागा कोणती: मोहल्ला, शाळा, कारखाना, ट्रामचा थांबा. अंतर रुग्णाला विचारू नका, जागा विचारा आणि नकाशावर अंतर आपण मोजा. हिरोशिमात स्फोटाच्या थेट खाली शिमा हॉस्पिटल होतं. तिथून किल्ला साधारण १ किलोमीटर, रेल्वे स्टेशन २ किलोमीटरच्या आसपास, उजिना बंदर ४ किलोमीटरच्या पलीकडे. नागासाकीत उराकामी कॅथीड्रल अर्ध्या किलोमीटरवर, तर नागासाकी स्टेशन अडीच किलोमीटरच्या आसपास.

२. मध्ये आडोसा काय होता? उघड्यावर, लाकडी घरात, काँक्रीटच्या इमारतीत की टेकडीच्या आड? जपानी लाकडी घरात गॅमा किरणांची मात्रा ढोबळमानाने निम्म्यावर येई.

३. भाजलं का, काचा घुसल्या का, ढिगाऱ्याखाली सापडले का? शरीराचा कोणता भाग?

४. पुढच्या दोन महिन्यांत केस गळले का? किती: विंचरताना थोडे, की डोक्याचे दोन-तृतीयांशाहून जास्त? हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे डाग, रक्ताचे जुलाब, ताप, घशात जखमा? केस गळणं आणि जांभळे डाग ही जोडी मोठ्या मात्रेची खूण आहे. लहान मुलांच्या बाबतीत आईने जपून ठेवलेली हीच आठवण सहसा सगळ्यात पक्की असते.

५. स्फोटानंतर शहरात शिरले असतील तर तारीख, वेळ, किती आत, किती दिवस? पुस्तिकेच्या नियमात दोन आठवड्यांच्या आत स्फोटकेंद्रापासून २ किलोमीटरच्या परिसरात आलेले बसतात. म्हणजे हिरोशिमासाठी २० ऑगस्ट आणि नागासाकीसाठी २३ ऑगस्टपर्यंत. पण आजाराला ‘अणुबॉम्बजन्य’ मान्यता मिळवताना पहिल्या १०० तासांना फार महत्त्व असतं. हिरोशिमाचे १०० तास १० ऑगस्टच्या दुपारी सव्वाबाराला संपतात, नागासाकीचे १३ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास. म्हणून ‘दोन-चार दिवसांनी गेलो’ एवढ्यावर सोडू नका. कुणाला शोधायला गेले होते, जाताना गाडी चालू झाली होती का, रात्र कुठे काढली, असं विचारलं की तारीख सापडते.

६. जखमींची सेवा केली का, प्रेतं उचलली-जाळली का? शहराबाहेरच्या मदत केंद्रावर हे काम केलेलेही पुस्तिकेला पात्र ठरतात. रुग्ण तेव्हा पाठीवरचं बाळ होता आणि आई सेवा करत होती, अशीही प्रकरणं असतात.

७. गर्भात असाल तर आईला कितवा महिना होता? हिरोशिमासाठी ३१ मे १९४६ आणि नागासाकीसाठी ३ जून १९४६ पर्यंत जन्मलेले यात धरतात. मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने गर्भाचा ८ ते १५ आठवड्यांचा काळ सगळ्यात नाजूक होता.

८. काळा पाऊस (स्फोटानंतर पडलेला काजळी मिसळलेला, किरणोत्सारी पाऊस) अंगावर पडला का? कुठे?

९. हे तुम्हाला कुणी सांगितलं? स्वतः आठवतं, आईने सांगितलं की पुस्तिकेत वाचलं?

नववा प्रश्न बहुतेक फॉर्मात नसतो, तो हाताने लिहून घाला. ‘रुग्णाला स्वतःला आठवतं: पांढरा उजेड, मग अंधार. आईने सांगितलेलं: घर योकोगावाजवळ, केस गळले’ अशी दोन रकान्यांत नोंद केली, की पुढे विसंगती निघाली तरी रुग्ण खोटा ठरत नाही.

अंतराचा एवढा हट्ट का, ते आकड्यांत दिसतं. हिरोशिमात उघड्यावर १ किलोमीटरवर मात्रा सुमारे ४ ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) होती, दीड किलोमीटरवर अर्ध्या ग्रेच्या आसपास, २ किलोमीटरवर ०.०८ आणि अडीच किलोमीटरवर ०.०१ ग्रेच्या जवळपास. पाचशे मीटरच्या चुकीने मात्रा सहा ते आठ पटींनी चुकते.

नावं आणि जन्मतारखा हा वेगळाच गुंता आहे. १९४० नंतर कोरियन लोकांवर जपानी नावं लादली गेली, त्यामुळे १९४५ च्या शाळेच्या किंवा कारखान्याच्या कागदावर जपानी नाव आणि आजच्या ओळखपत्रावर कोरियन नाव असतं. कोरियात जन्मतारीख चांद्र पंचांगाने सांगण्याची आणि वय एक-दोन वर्षांनी जास्त मोजण्याची जुनी रीत होती. अमेरिकेतल्या आजींचं माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि मधलं इंग्रजी नाव अशी तीन नावं निघतात. ‘तेव्हा तुम्हाला कोणत्या नावाने ओळखत होते?’ हे विचारून सगळी नावं आणि दोन्ही जन्मतारखा एका ओळीत लिहून ठेवा. बरेचसे अर्ज अडकतात ते इथेच.

तपासण्या: काय, का, आणि कुठे फसतं

जपानमध्ये हिबाकुशांना वर्षातून दोन ठरलेल्या आणि मागणी केल्यास आणखी दोन तपासण्या मिळतात. मागणीच्या दोनपैकी एक कर्करोगाची घेता येते: जठर, फुप्फुस, स्तन, गर्भाशय, मोठं आतडं आणि मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतला कर्करोग). परदेशातल्या रुग्णासाठीही हीच यादी चौकट म्हणून धरावी आणि वय, प्रकृती, रुग्णाची इच्छा पाहून डॉक्टरांशी बोलून कमी-जास्त करावी. नव्वदीच्या आजोबांना यादीत आहे म्हणून कोलोनोस्कोपीला ढकलण्यात अर्थ नाही.

नर्सच्या नजरेतून सुटू नयेत अशा काही गोष्टी:

सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) नुसतं हिमोग्लोबिन बघून रिपोर्ट खाली ठेवू नका. स्फोटानंतर चाळीस-साठ वर्षांनीही मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचं (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याच्या आजाराचं) प्रमाण, विशेषतः जास्त मात्रा मिळालेल्यांत, वाढलेलं आढळलं आहे. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर, सोबत अ‍ॅनिमिया किंवा पांढऱ्या पेशी-प्लेटलेट कमी, आणि बी-१२ व फोलेट ठीक, असं दिसलं तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. मागच्या तीन-चार वर्षांचे आकडे एका ओळीत मांडले की उतार लगेच दिसतो. एकट्या रिपोर्टमध्ये तो दिसत नाही.

कॅल्शियम. हिबाकुशांमध्ये हायपरपॅराथायरॉइडिझमचं (पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करून कॅल्शियम वाढवण्याच्या आजाराचं) प्रमाण मात्रेबरोबर वाढतं, आणि त्याची लक्षणं बद्धकोष्ठ, गळून जाणं, गोंधळ, मुतखडा अशी असल्याने ती सहज म्हातारपणाच्या किंवा डिमेन्शियाच्या खात्यावर जातात. अल्ब्युमिन कमी असेल तर दुरुस्ती करायची: मोजलेलं कॅल्शियम + ०.८ × (४ − अल्ब्युमिन). रिपोर्टवर कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन ३.२ असेल तर खरा आकडा १०.८ च्या घरात जातो, म्हणजे नॉर्मलच्या बाहेर, आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) मागवायला हवं. रक्त काढताना टूर्निकेट मिनिटभरापेक्षा जास्त बांधून ठेवलं तर कॅल्शियम खोटंच वाढलेलं येतं. शीर सापडत नसेल तर सोडा, हात गरम करा आणि पुन्हा बांधा.

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), मानेची तपासणी, लिव्हरचे आकडे आणि हिपॅटायटिस बी-सी हे एकदा तरी झालेलं असावं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू जपानी आणि कोरियन वृद्धांत बरंच आढळतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेकांचं झालेलं असतं, पण ते केव्हा आणि कोणत्या प्रकारच्या मोतीबिंदूसाठी झालं याचा जुना कागद मिळाला तर जपून ठेवा. भिंगाच्या मागच्या पृष्ठभागाखालचा मोतीबिंदू किरणोत्सर्गाशी जोडलेला आहे. रक्तदाब आणि हृदय तर कुठल्याही ऐंशीच्या माणसाचं बघतोच. इथे एवढंच ध्यानात ठेवायचं, की मोठ्या मात्रेनंतर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही थोडा वाढलेला दिसला आहे.

आता ‘हे बॉम्बमुळेच झालं का?’ हा प्रश्न. रुग्ण तो नर्सलाच विचारतो, डॉक्टरांना नाही. उत्तराची तयारी हवी. रेडिएशन इफेक्ट्स रिसर्च फाउंडेशनच्या सुमारे १,२०,००० लोकांच्या दीर्घ अभ्यासात, तिशीत १ ग्रे मात्रा मिळालेल्या माणसाला सत्तरीत घन अवयवाचा (रक्ताचा सोडून इतर) कर्करोग होण्याचा धोका साधारण दीडपट होता, ०.२ ग्रेला सुमारे १० टक्के जास्त. किरणोत्सर्ग झालेल्यांच्या अशा कर्करोगांपैकी साधारण दहातला एक किरणोत्सर्गामुळे झालेला धरला जातो. ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) लाट पहिल्या दशकात येऊन गेली. म्हणजे ‘हो’ही म्हणता येत नाही आणि ‘छे, काहीतरीच’ही म्हणता येत नाही. बोलायचं ते असं: ‘एका माणसाच्या बाबतीत नक्की सांगता येत नाही, पण तुम्ही जिथे होता तिथल्या मात्रेने धोका वाढतो हे माहीत आहे, म्हणून आपण नीट लक्ष ठेवतोय.’ रुग्णाला पटतं ते हेच. खोटा दिलासा त्यांनी खूप ऐकलेला असतो.

थकव्याबद्दल दोन शब्द. हिरोशिमात युद्धानंतर ‘बुराबुरा’ नावाचा आजार लोकांच्या तोंडी होता: दिसायला धडधाकट, पण अंगात त्राण नाही. घरच्यांनी आणि मालकांनी अशा माणसांना आळशी ठरवलं. म्हणून हे रुग्ण थकवा कमी करून सांगतात किंवा सांगतच नाहीत. तक्रार आली तर हिमोग्लोबिन, टीएसएच, कॅल्शियम, झोप, मनःस्थिती आणि चालू औषधांची यादी हे सगळं तपासा. औषधांच्या यादीतच बऱ्याचदा कारण सापडतं.

हाताने करायची कामं

भाजल्याच्या जुन्या व्रणावर आणि केलॉइडवर घामाच्या ग्रंथी नसतात किंवा कमी असतात. अंगाचा मोठा भाग व्रणांचा असेल तर उन्हाळ्यात अशा माणसाचं अंग लवकर तापतं. खोलीचं तापमान त्यांना विचारून ठेवा. व्रणावर सुई टोचू नका, बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला बांधा, चिकटपट्टी कागदी किंवा सिलिकॉनची वापरा आणि काढताना त्वचा दुसऱ्या हाताने दाबून धरून, केसांच्या दिशेने, आडवी सोलून काढा. खाज हा या व्रणांचा रोजचा जाच आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि अंग पुसल्यावर त्वचा ओलसर असतानाच सुगंधविरहित मॉइश्चरायझर.

जुन्या व्रणावर जखम झाली आणि चार आठवड्यांत भरली नाही, कडा उंचावल्या, घाण वास येऊ लागला किंवा सहज रक्त निघू लागलं, तर ड्रेसिंग बदलत बसू नका. भाजल्याच्या व्रणात त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, बायॉप्सी लागते. आंघोळ घालताना टाळू, कानामागची बाजू आणि पाठ बघून घ्या. तिथे रुग्णाची स्वतःची नजर पोचत नाही.

काचा. स्फोटात घुसलेले काचेचे तुकडे आजही काहींच्या अंगात आहेत. ते टोचतात, कधी वर येतात. दाबून काढायला जाऊ नका, एक्स-रे काढून जागा नोंदवून ठेवा. काचेला एमआरआयचा त्रास नाही, पण त्या स्फोटात धातूचे तुकडेही उडाले होते. एमआरआयच्या फॉर्मवर ‘शरीरात धातू?’ या प्रश्नाला रुग्ण सवयीने ‘नाही’ म्हणतो. तिथे ‘स्फोटात काही घुसलं होतं का?’ असं वेगळं विचारा आणि शंका असेल तर आधी साधा एक्स-रे काढायला सुचवा.

काही रुग्ण एक्स-रेलाच नकार देतात: ‘मला पुष्कळ किरणं मिळालीत, आणखी नको.’ त्यावर हसू नका. छातीच्या एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, पोटाच्या सीटी स्कॅनची साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट. एक ग्रे म्हणजे गॅमा किरणांच्या हिशेबात सुमारे १००० मिलिसिव्हर्ट. हे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवले की बहुतेक जण तयार होतात. तरीही नको म्हणाले तर सोनोग्राफीने काम भागेल का ते डॉक्टरांना विचारा. कर्करोगासाठी रेडिओथेरपी सुचवली असेल तर १९४५ चा किरणोत्सर्ग हे एकटं कारण तिच्या आड येत नाही. पण रुग्णाला पडलेला प्रश्न उपचार सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांसमोर मांडला गेला पाहिजे, आणि ते काम नर्सचं.

उजेड, भोंगा, पाणी

डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढताना कॅमेऱ्याचा झगमगाट होतो. आधी सांगा: आता एकदम उजेड येईल, मी तीन मोजते. न सांगता फ्लॅश मारला आणि रुग्ण खुर्चीतून उठून गेला, तर दोष रुग्णाचा नाही. अमेरिकेत ४ जुलैचे फटाके, साओ पाउलोत जूनमधल्या जत्रांचे फटाके, कोरियात ६ जूनला सकाळी दहाला देशभर वाजणारा श्रद्धांजलीचा भोंगा: या तारखा वॉर्डच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवाव्यात, खिडक्या लावाव्यात, सोबत कुणी बसावं. ६ आणि ९ ऑगस्टला टीव्ही लावायचा की नाही हे रुग्णालाच विचारावं. काहींना समारंभ बघायचाच असतो.

पाण्याचं नीट समजून घ्या. त्या दिवशी मरणारी माणसं पाणी मागत होती, आणि भाजलेल्याला पाणी दिलं तर तो दगावतो असा समज असल्याने अनेकांनी ते दिलं नाही. ती टोचणी कित्येकांना जन्मभर लागून राहिली. अशा रुग्णाला ऑपरेशनच्या आधी एनबीएम (तोंडाने काहीही न देता) ठेवताना नुसती पाटी लावून निघून जाऊ नका. किती वाजेपर्यंत, कशासाठी, आणि नंतर पहिला घोट किती वाजता मिळणार हे सांगा. ओठ ओल्या कापसाने पुसत राहा, आणि भूलतज्ज्ञांच्या नियमात बसत असेल तर दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालेल का ते विचारून घ्या. शेजारच्या खाटेवरचा कुणी पाणी मागत असेल आणि आपला रुग्ण अस्वस्थ झाला, तर कारण इथे असू शकतं.

गोष्ट सांगा म्हणून मागे लागू नका, फोनवर रेकॉर्डिंग करू नका. आपणहून सांगायला लागले तर हातातलं काम बाजूला ठेवून बसा. पाच मिनिटंच असतील तर तसं आधी सांगा.

भाषा

डिमेन्शिया वाढला की नंतर शिकलेली भाषा आधी जाते. साठ वर्षं पोर्तुगीज बोललेले आजोबा एक दिवस फक्त हिरोशिमाकडची जपानी बोलायला लागतात. दुभाषा येईपर्यंत खाटेशी एक कार्ड लावून ठेवा. जपानी: दुखतंय का? ‘इताई देस का?’, पाणी ‘मिझु’, थंडी वाजते ‘सामुई’, संडास ‘तोइरे’, ठीक आहे ‘दाइजोबु’. गळून गेल्यासारखं वाटतंय याला हिरोशिमाकडे ‘ताइगी’ म्हणतात, हा शब्द कानावर आला तर नोंद करा. ‘पिका’ किंवा ‘पिकादोन’ म्हणजे बॉम्बच. कोरियन: दुखतं का ‘आपायो?’, पाणी ‘मुल’. पोर्तुगीज: ‘दोई?’, ‘आग्वा’. जपानी माणसाला आडनावापुढे ‘सान’ लावून हाक मारा. कोरियन वृद्धाला नुसत्या नावाने हाक मारणं उद्धटपणाचं. ब्राझीलमध्ये आजींना ‘दोना’ आणि पहिलं नाव. कोरियन रुग्णाशी आपण जपानी शब्द वापरायला जाऊ नये. काहींना चालतं, काहींना ते लागतं.

कागदपत्रं

१९७४ च्या एका सरकारी परिपत्रकाने, क्रमांक ४०२, जपान सोडलेल्या हिबाकुशाचे भत्ते बंद होत. कोरियन आणि इतर हिबाकुशा वर्षानुवर्षं कोर्टात लढले, आणि २००३ मध्ये ते रद्द झालं. २००८ पासून पुस्तिकेचा अर्ज परदेशातल्या जपानी वकिलातीत करता येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशातल्या उपचारांचा खर्चही पूर्ण द्यायला हवा असा निकाल दिला. हे माहीत असलं की रुग्ण एखाद्या फॉर्मवर एवढा का चिडतो ते कळतं.

नर्सने करायचं ते मोजकं आहे. पुस्तिका, ज्याला ते ‘तेचो’ म्हणतात, तिची प्रत केसपेपरला लावा, मूळ पुस्तिका घरच्यांकडे परत द्या. प्रत्येक बिलाची मूळ पावती, त्यावर रुग्णाचं पुस्तिकेतलं नाव, तारीख, आजाराचं निदान आणि बाबवार खर्च. ‘औषधं व इतर’ अशी एकरकमी पावती बाद व्हायची शक्यता मोठी. डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांची सही घ्या, दोन महिन्यांनी तो डॉक्टर सापडत नाही. पुस्तिका नसलेल्याला ती मिळवायला जुने कागद किंवा साक्षीदार लागतात, आणि साक्षीदार आता जवळजवळ उरलेले नाहीत. तुमची नोंद म्हणजे पुरावा नव्हे, पण रुग्णाच्या शब्दांत, तारखेसह लिहिलेला इतिहास अर्ज भरणाऱ्याच्या फार कामी येतो.

जपानी डॉक्टरांचं पथक १९७७ पासून साधारण दर दोन वर्षांनी उत्तर अमेरिकेत येत आलं, दक्षिण अमेरिकेतही १९८५ पासून अशा भेटी होत आल्या. अमेरिकेत त्यांना उपचार करण्याचा परवाना नसतो, ते तपासतात आणि सल्ला देतात. पुढचं सगळं स्थानिक डॉक्टरांकडे. भेटीच्या आठवडाभर आधी औषधांची यादी, मागचे रिपोर्ट आणि इतिहासाचं पान एका फाइलमध्ये तयार ठेवा. भेटीनंतरच्या रिपोर्टसाठी तारीख लावून ठेवा. रिपोर्ट टपालाने येतो, घरी ड्रॉवरमध्ये पडतो आणि त्यातलं वाढलेलं कॅल्शियम कुणी वाचत नाही, असं फार होतं.

मुलं आणि त्यानंतर

बाहेरच्या खुर्चीत बसलेली साठीची मुलगी विचारते, ‘मला आणि माझ्या मुलांना?’ बॉम्बग्रस्तांच्या सुमारे ७७,००० मुलांचा अभ्यास आजवर झाला आहे आणि त्यात आनुवंशिक परिणाम दिसून आलेले नाहीत. अभ्यास अजून चालू आहे, तेव्हा ‘शून्य धोका’ असं म्हणू नका. वयाप्रमाणे नेहमीच्या तपासण्या करा म्हणा. गर्भात असताना सापडलेले मात्र ‘दुसरी पिढी’ नव्हेत, ते स्वतःच हिबाकुशा आहेत. घरचे दोन्हीची गल्लत करतात आणि हक्काची पुस्तिका राहून जाते.

रुग्ण दगावला तर अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी कुटुंबाला अर्ज करता येतो, अपघातासारखं उघड वेगळं कारण सोडून. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘हृदयक्रिया बंद’ असेल तर अर्जावर प्रश्न येतात. मूळ आजार लिहून मागा, दाखल्याच्या दोन प्रती घ्यायला सांगा, आणि पुस्तिका परत करण्यापूर्वी तिच्या प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवायला लावा.